वरची मूठ

मल्लव्वानं चुरमुऱ्यांची पुडी हातात घेतली आणि ती जागची हललीच नाही.

मिरजेच्या बाजारात फुलं विकणारी ही बाई. शेवंतीची बुट्टी रिकामी झाली की शालनआक्काच्या भट्टीवर यायची, चुरमुरे-फुटाणे घ्यायची आणि अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत कुणाला तरी शिव्या घालत निघून जायची. पुडी घेतल्यावर ती कधी थांबली नव्हती. आज थांबली. काट्यामागं बसलेल्या आक्काच्या नातीकडं, इशूकडं तिनं बघितलं, पुडीकडं बघितलं, आणि आत कढईतली वाळू हलवत बसलेल्या आक्काला हाक मारली.

“आक्का, बरी हाईस न्हवं?”

“मला काय धाड भरलीया?”

“घरात समदी? ल्योक, सून?”

“तुझ्या जिभेला काय हाड! सकाळच्या पारी कुणाची सुतकं मोजतीयास?”

मल्लव्वा पुडी पदराआड धरून गेली. आक्का झारा टाकून बाहेर येईपर्यंत ती वळणावर पोचली होती. पण पदराच्या फटीतून पुडीचं तोंड आक्काला दिसलं. सपाट होतं. काट्यानं सांगितलं तेवढंच, दाणाभरही वर नाही.

इशूनं वरची मूठ टाकली नव्हती.

काटा आता सगळ्या बाजारात एकच, सरकारी. माल ठेवला की वजन बोलतो, गिऱ्हाइकानं तळहात दाखवला की पैसे कापून घेतो आणि सगळं कुठंतरी नोंदवून मोकळा होतो. तिथं व्यवहार संपला. पण आक्काच्या भट्टीवर पुडी काट्यावरून उतरली की बुट्टीतली एक मूठ तिच्यावर पडायची. सासूच्या सासूपासूनची रीत. भाव चढला तर मूठ बारीक व्हायची, सुगी झाली तर फुगायची, पण चुकायची नाही. आणि तिच्याबद्दल बोलायचं नाही. देणारीनं ‘घे’ म्हणायचं नाही, घेणारीनं ‘बरं झालं’ म्हणायचं नाही. “दिलेलं बोललं की त्याची दवंडी होती,” असं सासू म्हणायची, आणि सासूच्या ज्या थोड्या गोष्टी आक्काला पटल्या त्यांतली ही एक. घरात कुणी गेलं तरच मूठ थांबायची, कारण तेव्हा भट्टीच थांबायची. म्हणून मल्लव्वा विचारत होती.

“मूठ कुठं गेली गं?” आक्कानं नातीला विचारलं.

“विसरले आजी.”

खोटं होतं. मघाशी पोरीचा हात बुट्टीपर्यंत गेला होता आणि तापल्या वाळूला लागल्यासारखा मागं आला होता. आक्कानं आतून ते पाहिलं होतं, फक्त त्याचा अर्थ तिला आत्ता लागला.

ईश्वरीनं मान खाली घातली. तिच्या उजव्या कानामागं, हाडावर, तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा मणी चमकला.

*

मणी शाळेनं बसवला होता, दिवाळीच्या सुट्टीनंतर. सातवीच्या सगळ्या मुलांना. योजनेचं नाव ‘पुढची मी’.

पालकसभेत तांबोळी मॅडमनी सगळं उलगडून सांगितलं होतं. बाई घोकलेलं ओकणाऱ्यांतली नव्हती, एवढं आक्कानंही मान्य केलं.

“तुम्ही मुलांना सांगता, पैसा जपून वापर, म्हातारपणी कामाला येईल,” मॅडम म्हणाल्या. “मूल मान हलवतं आणि तडक दुकानात जातं. का? कारण त्या म्हाताऱ्या माणसाशी त्याची ओळखच नसते. मेंदूचं काम चालू असताना त्याची चित्रं घेतली, तर एक गंमत दिसते. फार पुढच्या काळातल्या स्वतःचा विचार करताना आपला मेंदू जवळजवळ परक्या माणसाचा विचार केल्यासारखा वागतो. आता परक्यासाठी कोण पोटाला चिमटा घेईल? म्हणून आम्ही ओळख करून देतो.”

मुलाचा आवाज, त्याच्या हाडांची वाढ, रक्त आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या रक्ताच्या माणसाचा आवाज एवढं घेऊन मणी त्या मुलाचाच सत्तरीतला आवाज घडवायचा. आणि तो कानातून ऐकवायचा नाही, हाडातून ऐकवायचा. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला निम्मा कवटीतून ऐकू येतो, मॅडमनी सांगितलं. म्हणून तर रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज परका वाटतो. मणी हाडातून बोलला की मुलाला तो बाहेरचा वाटतच नाही, स्वतःच्या मनातून आल्यासारखा वाटतो.

“मुलानं केलेला प्रत्येक खर्च मण्याला कळतो, आजूबाजूचं बोलणंही तो ऐकतो. त्यावरून पुढचं आयुष्य रोज नव्यानं मांडतो. उधळपट्टी झाली तर ती पुढची आजी खंगते, शिल्लक पडली तर सुखावते. मार नाही, शिक्षा नाही.”

“म्हंजे भूतच की वो बाई,” आक्का मागून म्हणाली.

सगळी सभा हसली. सून वृषालीनं आक्काला कोपरानं ढोसलं. पण आक्का ढोसण्यानं थांबणाऱ्यांतली नव्हती.

“मेलेल्याचं भूत मानगुटीवर बसतंय हे ऐकलं हुतं. तुमी तर अजून न झालेल्याचं बसवताय.”

“भूत नाही आक्का,” मॅडमही हसल्या. “पाहुणी समजा.”

“पाहुनी कवातरी जाती तरी.”

तरीपण आवाज द्यायची वेळ आली तेव्हा आक्का सगळ्यांच्या पुढं होती. नातीच्या गळ्यात आपला गळा जाणार म्हटल्यावर तिनं जरीची साडी नेसली. काचेच्या खोलीत बसवून मॅडमनी सांगितलं, “दिवसभर पैशाबद्दल जशा बोलता तशाच बोला.” आक्काला तेवढंच हवं होतं. तिनं अख्खा बाजार त्या खोलीत उभा केला.

“अगं बाई, परवडत न्हाई गं! ह्या भावानं दिलं तर माझ्या पोटाला काय ऱ्हातंय? उपाशी मारतीयास व्हय मला? माझी लेकरं काय वाळू खात्याल?” कपाळावर हात मारून, गळा काढून, पदर डोळ्याला लावून. बाजारातली प्रत्येक बाई हे रडणं ओळखते. घासाघीस सुरू झाली की ते वाजायचं, लग्नात सनई वाजते तसं. ऐकणारीला ठाऊक असायचं की आता भाव तुटणार, पुडी बांधली जाणार आणि मूठ पडणार. काचेबाहेर पोरं पोट धरून हसत होती. आक्का बाहेर आली ती वरमाईसारखी.

*

पहिले काही दिवस घरात आनंदीआनंद होता. इशूनं चिंगम सोडलं, चकाकणारी वेष्टनं सोडली, फोनवरच्या खेळातले खोटे हिरे विकत घेणं सोडलं. वृषाली विम्याच्या कचेरीत होती, म्हातारपण किती महाग पडतं ते तिला कुणी शिकवायला नको होतं. ती लेकीची शिल्लक बघून नवऱ्याला चाकणला फोन करून सांगायची. “आम्हाला चाळिशीत आलं ते शहाणपण हिला आत्ताच आलं.”

आक्का काही उधळी नव्हती. नफ्याचा चौथा हिस्सा बाजूला पडल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नसे, आणि लेकाचं, महेशचं शिक्षण त्याच हिश्शातून झालं होतं. म्हणून तिलाही सुरुवातीला बरंच वाटलं. मग एकेक गोष्ट खुपायला लागली. पोर मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली नाही, कारण रिकाम्या हातानं जाता येत नाही. चप्पल तुटली तर सुतळी बांधून वापरली. आंघोळीला अर्धी बादलीच पाणी घ्यायची. ताटातली अर्धी भाकरी ‘नंतर खाते’ म्हणून उचलायची, आणि तिचा चेहरा चिमणीएवढा व्हायला लागला. दप्तर झटकताना आक्काला फडक्यात बांधलेले वाळलेले भाकरीचे तुकडे सापडले. ते कुणासाठी ठेवलेत हे विचारलं तर पोरीनं ते परत फडक्यात बांधून दप्तरात ठेवले.

आणि आता मूठ.

मल्लव्वा आली त्याच दिवशी दुपारी आक्का इशूला पुढ्यात घेऊन तेल लावायला बसली. घरात दोघीच. फटके देऊन बोलतं करावं की लाडानं, हे आक्काचं अजून ठरत नव्हतं. तेल मुरवून झालं, भांग पाडून झाला, आणि वेणीचा पेड ओढताना तिनं हनुवटी पोरीच्या टाळूवर टेकली.

“नको गं बाई.”

आक्कानं इकडंतिकडं बघितलं. आपणच बोललो की काय असं तिला वाटलं. आवाज तिचाच होता, पण खंगलेला, लांबून आल्यासारखा, पाणी आटलेल्या विहिरीच्या तळातून यावा तसा. तिनं हनुवटी उचलली. आवाज थांबला. पुन्हा टेकली.

“तेल किती घालतीयास? उपाशी मारतीयास व्हय मला? माझ्या पोटाला काय ऱ्हातंय?”

हाडाला हाड लागलं होतं. पोरीच्या कवटीतून आक्काच्या जबड्यात तिचाच आवाज शिरत होता आणि भीक मागत होता. जन्मात कुणापुढं पदर न पसरलेल्या बाईचा आवाज. आक्काच्या हातातली वेणी सुटली.

“इशू. ही मी बोलतीया?”

“नाही आजी,” पोर शांतपणे म्हणाली. “ती मी आहे.”

मग तिनं सगळं सांगितलं. ती म्हातारी दिवसभर बोलत नाही. काही घ्यायला गेलं, द्यायला गेलं की बोलते. पहिल्यांदा नुसती कुरकुरायची. इशूनं रंगपेटी घेतली तेव्हा खोकायला लागली. मैत्रिणीला निम्मा डबा दिला त्या दिवशी कण्हत होती. तिला थंडी वाजते, तिला भूक लागते, आणि इशूनं काही केलं नाही, काही घेतलं नाही, तरच ती गप्प झोपते.

“भाकरी तिच्यासाठी ठेवत होते. तिला मिळणार नाही ते मला कळतं. पण खाताना ती ऐकत असते ना.”

“काढून फेकू तो मणी!”

इशूनं दोन्ही हातांनी कान झाकला. “काढला तर ती मरेल. आणि मेली म्हणजे, आजी, मीच ना?”

*

“काढायचं म्हणाल तर आत्ता काढते,” तांबोळी मॅडम म्हणाल्या. त्यांनी दार लावून घेतलं होतं आणि इशूला बाहेर झोपाळ्याकडं पाठवलं होतं. “आईची सही लागेल, एवढंच. पण आक्का, मी काही मुलांचे काढलेत. एक मुलगा अजून वर्गात कानाला हात लावून बसतो. ती पुढची माणसं नाहीशी झाली असं त्यांना वाटत नाही. आपण त्यांना कुठंतरी उपाशी टाकून आलो असं वाटतं.”

“मग कशाला बसवलंसा?”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. “बहुतेक मुलांना फायदा झाला. खरंच झाला. ज्यांना म्हातारीचं काही वाटत नाही ती मुलं दोन शब्द ऐकतात आणि थोडं सांभाळून खर्च करतात. पण ईश्वरीसारखं मूल, ज्याला रस्त्यातल्या कुत्र्याचंही वाईट वाटतं… त्याच्याच पदरात आम्ही एक भुकेली बाई टाकली. हे आमच्या ध्यानात यायला हवं होतं.”

भांडायला आलेल्या आक्काला भांडणाची वाटच सापडेना. समोरची बाई कबूल होत होती. मग आक्का वेगळ्याच जागी उसळली.

“पण माझी नात म्हातारपणी भीक मागंल हे कुठनं काढलं तुमच्या मशिननं? आमच्या खानदानात कुणी मागितलं न्हाई.”

मॅडमनी टेबलावरच्या काचेवर बोट फिरवलं. खोलीत आक्काचं रडणं वाजलं. परवडत न्हाई गं बाई. उपाशी मारतीयास व्हय मला. माझी लेकरं काय वाळू खात्याल.

“ह्यातून,” मॅडम म्हणाल्या. “आकडे मुलीच्या खर्चातून येतात. पण म्हातारी माणसं पैशाकडं कशी बघतात, हे यंत्र घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून शिकतं. तुम्ही तासभर हेच बोललात.”

“आवो, ते खरं न्हवं!” आक्का खुर्चीतनं उठलीच. “ते गिऱ्हाइकाला म्हणायचं असतंय! समद्यांला ठावं असतंय!”

“यंत्राला कसं ठाऊक असणार? बरं, तुम्ही असं रडता. मग पुढं काय करता?”

“पुढं काय, पुडी बांधायची. मूठ टाकायची.”

“मूठ?”

आक्कानं हातानंच दाखवलं.

“ती टाकताना काय म्हणता?”

“मूठ टाकताना बोलत्यात व्हय?”

बोलून झाल्यावर ती हळूहळू खाली बसली. बाहेर झोपाळ्याच्या कड्या वाजत होत्या. मूठ काट्यानं तोलली नव्हती, कारण पुडी काट्यावरून उतरलेली असायची. मण्यानं ऐकली नव्हती, कारण तिला आवाजच नव्हता. आक्काचं रडणं तेवढं पोरीच्या डोक्यात जाऊन बसलं होतं. रडण्यामागून येणारी मूठ भट्टीवरच राहिली होती.

“पुसून टाका ते माझं बोलणं,” ती म्हणाली.

“पाया पुसता येत नाही. त्यावर भर घालता येते. तो अजून ऐकतोय, आक्का. जे ऐकेल ते शिकेल.” मॅडमनी चष्मा पुन्हा लावला. “आणि त्या बाईशी बोलता येतं. ईश्वरीनं विचारलं तर ती उत्तर देते.”

*

भट्टीच्या मागं पोत्यांची खोली होती. हरभऱ्याच्या राशीत दोघी समोरासमोर बसल्या. आक्कानं नातीचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाला कपाळ टेकवलं.

“विचार, कोण तू म्हणून.”

इशूनं विचारलं. हाडातून आवाज आला. “ईश्वरी.”

“म्हणावं, पैसं हाईत का तुझ्याकडं?”

“हायत की. पुष्कळ हायत.”

“मग खात का न्हाईस?”

“परवडत न्हाई गं बाई.”

पण आक्का सोडणारी नव्हती. “घरात कोण असतंय तुझ्या?”

“कुणी न्हाई.”

“शेजारीण? मैत्रीण? आजारी पडलीस तर पेज कोण घालतंय?”

“कुणी न्हाई,” आवाज म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. काटा वजन सांगतो तसं सांगितलं. “कुणाला काय दिलं न्हाई. कुणी येत न्हाई.”

इशूचे डोळे मिटलेले होते आणि पापण्या थरथरत होत्या. आता थांबावं असं आक्काला वाटलं. पण जी गोष्ट विचारू नये तीच विचारल्याशिवाय तिला आयुष्यात कधी राहवलं नव्हतं.

“विचार तिला. तुझी आजी गेली तवा काय म्हणाली?”

“नको आजी.”

“विचार.”

पोरीनं विचारलं. बराच वेळ नुसती सूक्ष्म घरघर येत राहिली, दूर कुठंतरी पंखा फिरावा तशी. मग आक्काच्या स्वतःच्याच आवाजानं, घासाघीस करतानाच्या त्या रडव्या सुरात, तिला सांगितलं.

“मला न्हाई ठावं. मी न्हवते. जायला परवडत न्हवतं गं बाई.”

इशू किंचाळली. “मी येणार! आजी, मी येणार, ती खोटं बोलतीय!” तिनं आजीच्या गळ्याला मिठी मारली, आणि मिठी मारल्यामुळं हाडाला हाड अजून घट्ट लागलं, आणि तो आवाज अजूनच जवळून कण्हत राहिला. येऊ नको. परवडत न्हाई. येऊ नको.

आपल्या मरणाची हकिगत आक्कानं आपल्याच तोंडून ऐकली होती, आणि त्यात कुणीच नव्हतं. तिनं पोरीला धरून ठेवलं. मग पोत्यात हात घातला, हरभऱ्याची मूठ भरली आणि ती पोरीच्या तळहातावर ठेवून वरून आपल्या हातानं झाकली.

“रडू दे तिला,” ती शेवटी म्हणाली. “उपाशी न्हाई ती. एकटी हाय. ते येगळं असतंय.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी इशू काट्यामागं बसली. आक्का कढईपाशी न जाता तिच्या मागं उभी राहिली. मल्लव्वा आली, चुरमुरे काट्यावर चढले, तळहात दाखवला, पैसे कापले गेले, पुडी उतरली. आक्कानं डोळे मिटून घेतले आणि सासूला मनातल्या मनात हात जोडले.

“मल्लव्वाला वरची मूऽऽठ!”

अख्खा बाजार वळला. समोरच्या भांडीवाल्याच्या हातातलं पातेलं पडलं. मल्लव्वाचं तोंड लालभडक झालं.

“आता गं? बोंबलतीस कशाला? मी काय भिकारीण हाय व्हय?”

“गप घे,” आक्का म्हणाली आणि तशीच ओरडत राहिली, पोरीच्या डोक्याकडं तोंड करून, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं. “ही मल्लव्वा! पुराच्या वर्षी माझी पोती हिनं सवताच्या माळ्यावर चढवली! फुलं भिजली हिची, माझा हरभरा वाळला ऱ्हायला! महेशला कावीळ झाली तवा हिनं पाला आणून दिला! हिला मूठ!”

“येड लागलं म्हातारीला,” मल्लव्वा म्हणाली, पण गेली नाही. डोळ्याला पदर लावून तशीच उभी राहिली.

त्या दिवसापासून रोज तेच. रिक्षावाल्या सलीमला मूठ, त्यानं पावसात दवाखान्यात पोचवलं. शाळेतल्या शिपाईणीला मूठ, तिनं काहीच केलेलं नाही, पण करील. ज्यांना मूठ घेताना कधी कमीपणा वाटला नव्हता त्यांना आता लाज वाटायला लागली. दोन गिऱ्हाइकं दुसऱ्या भट्टीवर गेली. भांडीवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, “आक्काला म्हातारपणी मिरवायचा नाद लागलाय. दान करतीया भोंगा लावून.” जन्मभर जी गोष्ट न बोलण्यात तिचा ताठा होता, ती गोष्ट ती चव्हाट्यावर ओरडत होती, आणि टोमणा आला की पूर्वीसारखी उलटून बोलत नव्हती. गिळत होती. वृषाली एकदा म्हणाली, “आत्या, लोक हसतात.” आक्का म्हणाली, “हसू द्यात. त्येबी ऐकू जाऊ दे तिला. घरात हसनं कधी ऐकलंय तिनं?” वृषालीनं आदल्याच दिवशी मणी काढण्याच्या कागदावर सही करून ठेवली होती. तो कागद तिनं पर्समध्येच राहू दिला.

मूठ मात्र आक्काच टाकत होती. इशूचा हात बुट्टीपर्यंत जायचा आणि थांबायचा.

मग एका सकाळी आक्काचा घसाच बसला. मल्लव्वा आली, पुडी काट्यावरून उतरली, आणि आक्कानं तोंड उघडलं तर नुसती हवा आली. काट्यामागं इशू बसून राहिली. मल्लव्वा बाहेर.

इशूचा हात बुट्टीत गेला. तिचे खांदे आखडले, मान कानाकडं वाकली. आत काय चाललंय ते आक्काला न ऐकताही कळलं. पोरीचे ओठ पांढरे झाले होते. तिनं मूठ भरली. लहानशी, बाराव्या वर्षाच्या हाताची. आणि पुडीवर टाकली. दोन-चार दाणे खाली सांडले.

“मल्लव्वाला,” ती हळूच म्हणाली, “वरची मूठ.”

आक्कानं वाकून तिच्या टाळूवर हनुवटी टेकली.

कण्हणं चालू होतं. उपाशी मारतीयास. काय ऱ्हातंय मला. ते तसंच चालत राहिलं, थकून थकून बारीक झालं आणि मधेच तुटलं. मग बराच वेळ काही आलं नाही, नुसती ती दूरची घरघर. बंद घरात, अंधारात बसलेल्या कुणीतरी बाहेर पाऊल वाजल्यावर श्वास धरावा, तसं.

“कोण गं ती?” आक्काच्याच आवाजात कुणीतरी विचारलं.

“मल्लव्वा,” इशू म्हणाली.

“मल्लव्वा.” नाव हळूहळू उच्चारलं गेलं, पहिल्यांदा जिभेवर घेतल्यासारखं. आणि मग घाबरत, “परत यील का?”

मल्लव्वा पुडी पदराआड घेऊन वळणावर पोचली होती, कुणाला तरी कानडीत शिव्या घालत. इशूनं तिच्याकडं बघितलं.

“रोज येते,” ती म्हणाली. “तू ऐक फक्त.”

आक्कानं हनुवटी उचलली नाही.